कुलपं उघडली ती दुपार

आमच्या घरात ती पाखरं आली तेव्हा अख्खी बिल्डिंग त्यांना लव्हबर्ड म्हणायची आणि आम्हीही म्हणायचो. त्यांचं खरं नाव बजरीगर, आणि खरे लव्हबर्ड म्हणजे निराळी, जाड चोचीची, भांडखोर जात, हे मला खूप पुढे कळलं. आजही कुणी दुरुस्त करायला आलं की मी मान डोलावते आणि पुन्हा लव्हबर्डच म्हणते. पन्नाशी उलटल्यावर माणसाने निदान आपल्या पाखरांना तरी हवं ते म्हणावं.

ती आली पापडीहून. बाबांच्या ऑफिसात इनासकाका होते, पापडीला त्यांची केळीची वाडी होती, आणि दर नाताळात आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला जायचो. एका नाताळात त्यांनी आम्हा बहिणींना वाडीच्या मागे नेलं. तिथे विहिरीच्या बाजूला जाळीची एक खोली होती आणि तिच्यात पिवळी, हिरवी, निळी अशी इतकी पाखरं बोलत होती की इनासकाकांचा आवाजच ऐकू येईना. शैलाताई माझ्याहून बरीच मोठी, कॉलेजात जाणारी, पण त्या जाळीपुढून तीही हलेना. जेवणाचं बोलावणं तीनदा आलं. शेवटी काकांनी एक जोडी पकडली, बुटांच्या खोक्याला भोकं पाडून त्यात घातली आणि माझ्या हातात दिली. "न्या गो पोरींनो. नाकाशी निळा तो नर, तपकिरी ती मादी. पानी रोज बदलायचं. आन वाटी फुकायची." वाटी का फुंकायची ते तेव्हा कळलं नाही. घरी आल्यावर कळलं. ही पाखरं दाणा सोलून खातात आणि साल तिथेच वाटीत टाकतात, त्यामुळे वाटी भरलेली दिसते आणि पाखरू मात्र उपाशी राहतं. रोज सकाळी गॅलरीत उभं राहून वाटी फुंकणं हे माझं काम झालं. सालं उडून खालच्या मंजूबेनच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडायची आणि त्यावरून आईला दोन शब्द ऐकावे लागायचे.

तुळिंजला दुसऱ्या मजल्यावर आमचं घर होतं, दोन खोल्या आणि एक गॅलरी. गॅलरीला लोखंडी ग्रिल होतं. बाबांनी एका रविवारी जाळी आणि लाकडाच्या पट्ट्या आणून मोठा पिंजरा केला. दार काही केल्या नीट बसेना, म्हणून त्याला कपड्यांचा चिमटा लावला, आणि तो चिमटाच पुढे कायमची कडी झाला. त्यातल्या पिवळ्या नराचं नाव ताईने शेट ठेवलं, कारण तो छाती काढून दांडीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा आणि काम काही करायचा नाही. मादी अर्थातच शेटाणी. त्यांच्यासाठी बाजारातून राळे आणि बाजरी यायची. समुद्रफेस, म्हणजे माकुळाच्या पाठीतलं ते पांढरं हाड, आम्ही कळंबच्या किनाऱ्यावरून वेचून आणायचो, पाखरं त्यावर चोच घासायची. कोथिंबिरीच्या जुडीतल्या चार काड्या आई निवडतानाच बाजूला ठेवायची. वर म्हणायची, "माझ्या आमटीत कमी पडली तरी चालेल, शेटजींना पडायला नको."

कुंभाराकडून लहान मडकं आणलं, त्याच्या पोटाला रुपयाएवढं भोक पाडून घेतलं, आत सुताराकडचा भुसा घातला आणि आडवं टांगलं. शेटाणी आधी आठवडाभर त्याच्याकडे संशयाने बघत राहिली. मग एक दिवस आत शिरली ती बाहेर येईचना. शेट मात्र बदलला. दिवसभर राळे खायचा, मडक्याच्या तोंडाशी जायचा आणि चोचीत चोच घालून बायकोला भरवायचा. शेटाणी आतून कुरकुरली की हा कुठेही असला तरी धावत यायचा. ताई म्हणाली, "वंदू, मला असला मिळाला पाहिजे." ते मी आईला सांगितलं आणि मार खाल्ला. पिल्लं निघाली ती नुसती गुलाबी, उघडी, उकडलेल्या शेंगदाण्यासारखी. अंडी एकाआड एक दिवशी घातलेली असल्याने पिल्लंही तशीच निघाली, थोरलं धाकट्याच्या दुप्पट. वर्षा-दोन वर्षांत मडकी वाढली, पिंजरा वाढला, आणि गॅलरीत कपडे वाळत घालायला जागा उरली नाही. कुकरची शिट्टी झाली की सगळी मिळून तिच्यावर ओरडायची. दिवे गेले की एकदम गप्प व्हायची, आणि त्या शांततेत शेजारच्यांच्या घरातलं भांडण स्पष्ट ऐकू यायचं.

मग ताईचं लग्न झालं आणि ती ठाण्याला गेली. जाताना आईच्या गळ्यात पडून रडली, बाबांच्या पाया पडली आणि पिंजऱ्यापुढे उभी राहून म्हणाली, "शेट, येते रे." जमलेले सगळे हसले, मला मात्र त्या वाक्यालाच रडू फुटलं. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली तेव्हा दारातून आधी गॅलरीत गेली. तिच्या मागोमाग राजापूरहून बाबांची मोठी बहीण, आमची आत्या, बाळंतीण सांभाळायला आली. आत्या विधवा होती, मूलबाळ नव्हतं, भावाच्या मुली याच तिच्या मुली. येताना तिने हळीव, डिंक, बाळंतशेपा, सुकं खोबरं, वावडिंग असं सगळं गाठोड्यांत बांधून आणलं होतं. स्वयंपाकघराचा ताबा तिने पहिल्याच दिवशी घेतला. आईने तो आनंदाने दिला.

आत्याचं आणि पाखरांचं पटलं नाही. आमच्याकडे तेव्हा पाणी टँकरचं, एक दिवसाआड, कळशी-कळशी मोजून भरायचं, आणि त्यातलं प्यायचं पाणी मी पाखरांच्या वाटीत ओतते हे बघून ती कपाळाला हात लावायची. "माणसांना पाणी नाही गो, आणि यांचे चोचले!" पण तिचा खरा राग वेगळाच होता. पोटुशी बाई घरात असताना जीव कोंडून ठेवू नये, असं तिचं म्हणणं. ती ते मोठ्याने बोलायची नाही, पण गॅलरीतून जाताना पिंजऱ्याकडे पाठ करून जायची. ताईला हे कळायचं आणि ती मुद्दाम आत्याच्या समोर शेटला हाक मारायची. आमच्या घरात तेव्हा रुसवेफुगवे खूप आणि हसणं त्याहून खूप होतं.

एक दिवस सकाळी बाबा ऑफिसला गेले आणि लगेच ताईला कळा सुरू झाल्या. आई तिला रिक्षात घालून स्टेशनजवळच्या प्रसूतिगृहात घेऊन गेली. बाबांच्या ऑफिसात निरोप गेला, भावोजींकडे गेला. घरी उरलो मी आणि आत्या. मला सांगितलं होतं, मंजूबेनच्या घरच्या फोनकडे कान ठेव. अख्ख्या जिन्यात तो एकच फोन होता. सकाळ गेली, वरणभात झाला, कुणी जेवलं नाही. दुपारी मंजूबेनने खालून हाक मारली. मी दोन-दोन पायऱ्या उतरत गेले. पलीकडून आईचा आवाज आला, तो नेहमीचा नव्हता. "अडलीय गं. डॉक्टर म्हणतात थोडं थांबू, नाहीतर पोट फाडावं लागेल. बाळाचे ठोके कमी होतायत. देवापाशी दिवा लाव." आणि फोन ठेवला.

मी वर येऊन आत्याला सांगितलं. आधी तिने स्वतःचा अंबाडा सोडला. पांढरे केस कमरेपर्यंत आले, एवढे लांब असतील असं मला वाटलं नव्हतं. मग ती कपाटाकडे गेली. "किल्ली आण." लोखंडी कपाट उघडलं, आतली तिजोरी उघडली. पलंगाखालची ट्रंक ओढून तिचं कुलूप काढलं. गाठोड्यांच्या गाठी सोडल्या. अडलेल्या बाईच्या घरात काही बांधलेलं, कोंडलेलं ठेवायचं नाही, सगळं मोकळं करायचं, म्हणजे तीही मोकळी होते. मी आधी नुसती बघत होते, मग मीही हात लावला. शिवणाचा डबा, माझं दप्तर, कंपासपेटी, बाबांची छत्री, लोणच्याची बरणी. स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली मांडून झाकणं काढली. रवा, तांदूळ, पोहे, आत्याचे हळीव, बाजरी. बाहेरचं दार सताड उघडं, दोन्ही खोल्यांच्या खिडक्या उघड्या, गॅलरीचं दार उघडं. मी विज्ञानाच्या पेपरात चांगले मार्क मिळवणारी मुलगी. पण त्या दुपारी कुणी मला भिंत उघड म्हणालं असतं तर मी हातोडा शोधला असता.

आत्या गॅलरीत जाऊन थांबली. "हेही उघड."

समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर टीव्हीचे अँटेना होते आणि त्यांवर कायम कावळे बसलेले असत. मासळीबाजाराच्या घारी वर फिरत. पिंजऱ्यात जन्मलेलं पाखरू बाहेर पडलं तर त्याला दाणा शोधता येत नाही, लपता येत नाही. इनासकाकांनी स्वतः सांगितलं होतं, सुटलेलं पाखरू संध्याकाळ बघत नाही. मी म्हटलं, "आत्या, खिडक्या लावू, मग उघडते. घरात फिरू देत."

"खिडक्या लावून काय उघडलंस गो? देवाला फसवतेस?"

"ती मरतील आत्या. कावळे खातील. ताईची आहेत ती, तिलाच काय सांगू मी?"

मला वाटलं आता आत्या ओरडेल. ती हळू बोलली. "माझ्या वेळी सगळं उघडलं होतं. चूलखोलीचं फळकूट काढलं, गोठ्यातली गुरं सोडली. सासऱ्यांनी एक कोठीचं कुलूप तेवढं काढलं नाही. भाताची कोठी. घरात माणसांची ये-जा आहे, चोरी होईल म्हणाले. मुलगा होता, बाय. काळ्याभोर केसांचा." आणि मग म्हणाली, "मी तुला जोर करत नाही. तुझी पाखरं आहेत."

आत्याला मूल झालं होतं हे मला माहीतच नव्हतं. घरात कुणी कधी बोललं नव्हतं. कोठीच्या कुलपाने मूल जात नाही हे मला तेव्हाही कळत होतं, आताही कळतं. पण इतकी वर्षं ही बाई त्या कुलपाकडे बघत जगली होती, आणि तिच्यापुढे उभं राहून मी चिमटा धरून ठेवणं मला जमलं नाही. शिवाय, खरं सांगते, मलाही भीती वाटली. उद्या काही वाईट झालं तर माझाही तो एक चिमटा होईल, आणि मीही म्हातारपणी केस सोडून कुणाला तरी सांगत बसेन. मी पंखा बंद केला, शेटची मनात माफी मागितली आणि चिमटा काढला.

काहीच झालं नाही. पाखरं आपली दांडीवर बसून राहिली. शेट दारापर्यंत चालत आला, मान वाकडी करून बाहेर बघितलं आणि परत गेला. मग एक निळं कोवळं पाखरू भुर्रकन उडालं, खोलीत दोन घिरट्या घालून कपाटाच्या उघड्या दारावर बसलं. त्याच्या मागे दुसरं गेलं, तिसरं गेलं, आणि बघता बघता दांडीवरची सगळी बाहेर. मी खिडकीकडे बघत होते. एक जरी तिकडे वळलं की बाकीची जाणार. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून ओळखीचा आवाज आला, दाणे सोलण्याचा. निळ्याला बाजरीचा उघडा डबा सापडला होता. क्षणात सगळी फौज तिकडे गेली. डब्याच्या काठावर जागा मिळेना, तशी काही तांदळावर, काही थेट आत्याच्या हळिवांत. खिडक्या उघड्या, आभाळ उघडं, आणि यांची माना खाली घालून पंगत बसली. मी मटकन खाली बसले आणि हसायलाच लागले. आत्या म्हणाली, "अगो, माझे हळीव!" पण हाकललं मात्र नाही.

एकटा शेट गेला नाही तिकडे. तो गॅलरीच्या ग्रिलवर बसला होता. मी हळूच पुढे सरकले, आणि तो गजांतून बाहेर पडला. सरळ समोरच्या गच्चीवर, अँटेनावर. उन्हात इतका पिवळा दिसला की कुणालाही दिसावा. कावळ्यांना दिसलाच. आधी एक आला, मग तीन. मी ओरडले, पण माझा आवाज कुठे पोचणार? मागून आत्या आली, एका हातात पितळी थाळी आणि दुसऱ्यात लाटणं. केस मोकळे सोडलेली माझी आत्या ग्रिलला टेकून जिवाच्या आकांताने थाळी बडवू लागली. कावळे उडाले. शेटही उडाला आणि कुठे गेला ते दिसलं नाही. समोरच्या बिल्डिंगमध्ये बनारसकडचं एक कुटुंब होतं, त्यांच्याकडे थाळी वाजते ती मुलगा झाला की. तिथली भाभी हात पुसत धावत बाहेर आली. "बधाई हो अम्मा! लड़का हुआ क्या?"

"नाही हो," आत्या धापा टाकत ओरडली, "कावळा!"

भाभी गोंधळून आत गेली. मी ग्रिलला धरून खाली, वर, सगळीकडे बघत होते. शेट गेला, असंच मी धरून चालले. आता ताईला काय सांगायचं, आणि ताईचं काय झालं असेल, या दोन गोष्टी डोक्यात एकमेकींत अडकून बसल्या होत्या. आत्या थाळी पोटाशी धरून तशीच उभी होती. आणि खालून मंजूबेनचा आवाज आला, जिन्यातून, धावत, वर येता येता. "वंदू! ए वंदू! छोकरी आली! ऑपरेशन नाय केला, आपोआप आली! दोघी छान हाय!"

त्यानंतर आम्ही काय केलं ते सलग आठवत नाही. मंजूबेनला मी मिठी मारली, तिच्या हाताला पापडाचं पीठ होतं, ते माझ्या केसांना लागलं. आत्या खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. असं मोकळं रडणं मी मोठ्या माणसाचं पहिल्यांदा पाहिलं. मला एकदम कडकडून भूक लागली. मग आत्या उठली, डोळे पुसले, थाळी उचलली आणि पुन्हा गॅलरीत जाऊन वाजवली. भाभी परत बाहेर आली. या वेळी आत्याने ऐटीत सांगितलं, "लडकी! लडकी हुई!" मुलीसाठी कुणी थाळी वाजवत नाही, हे भाभीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आत्याने आणखी चार टोले दिले.

मी म्हटलं, "आता लावून घेऊ का सगळं?"

"शेट बाहेर आहे ना? मग नको. तो येईपर्यंत काही लावायचं नाही." आणि ती बाजरीची वाटी मांडीवर घेऊन पिंजऱ्याजवळ पाट टाकून बसली, ज्या पिंजऱ्याला ती इतके दिवस पाठ करत होती.

ऊन उतरलं. पोटं भरलेली पाखरं एकेक करून आपणहून पिंजऱ्यात परतली, मला एकही पकडावं लागलं नाही. शेटाणी तेवढी दिवसभर मडक्यात अंड्यांवर बसून होती, या गोंधळात ती हललीही नव्हती. आता तिला भूक लागली असणार. तिने भोकातून तोंड बाहेर काढलं आणि तिचं ते कुरकुरणं सुरू केलं. वरून उत्तर आलं. अगदी डोक्यावरून. शेट आमच्याच गॅलरीच्या छज्ज्यावर बसला होता, दुपारभर, कावळ्यांच्या भीतीने मुठीएवढा होऊन. शेटाणी पुन्हा कुरकुरली. तो ग्रिलवर उतरला, आत्याच्या मांडीवरच्या वाटीत शिरला, भराभर खाल्लं आणि थेट मडक्याशी जाऊन बायकोच्या चोचीत चोच घातली.

"बघ गो," आत्या म्हणाली, "सगळं आभाळ मोकळं होतं, पण हा घरी भरवायला आला." मग तिने स्वतः दार लावलं आणि चिमटा बसवला. त्यानंतर बाळंतपण उरकून परत जाईपर्यंत रोज सकाळी पाखरांचं पाणी आत्याच बदलायची. कळशी टँकरचीच, पण एकदाही कुरकुरली नाही. ताई बाळ घेऊन घरी आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. ती आधी शेटला बघून आली आणि मग आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून बराच वेळ पडून राहिली.

आता आत्या नाही. मी विरारला राहते. शाळेत विज्ञान शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षं गेली, आणि अंधश्रद्धेवर मी दर वर्षी मुलांना एक तास भाषण देत आले. गॅलरीत पिंजरा अजून आहे, आणि त्याला अजून कपड्यांचा चिमटाच आहे. मागच्या वर्षी ताईची तीच मुलगी, रेणू, बाळंत व्हायची होती. ताई हॉस्पिटलात, मी गुडघे घेऊन घरी. दुपारी ताईचा मेसेज आला, अजून वेळ लागेल म्हणतायत. मी तो दोनदा वाचला. मग उठले. कपाट उघडलं. लॉकरची किल्ली फिरवली. दाराची साखळी काढली, खिडक्या उघडल्या, मोबाईलचं लॉकसुद्धा काढून ठेवलं. स्वयंपाकघरात जाऊन आधी बाजरीचा डबा उघडून खाली मांडला. मग पंखा बंद केला, पिंजऱ्याचा चिमटा काढला, आणि मांडीवर थाळी आणि हातात लाटणं घेऊन गॅलरीत बसून राहिले.